भिमाजीला माफ झालं

शिमग्याच्या पुढच्या आठवड्यात भिमाजी पेठच्या बाजारातून येताना वाटेवर पडला, तो परत आपल्या पायांवर उठलाच नाही. कोणीतरी जीपमध्ये घालून त्याला नाशिकला नेलं. तिथं नळ्या लावल्या, काही दिवसांनी नळ्या काढल्या, आणि डॉक्टरनं त्याच्या धाकट्या भावाला, पुंजाला, बाजूला घेऊन सांगितलं, "उजवी बाजू गेली आहे. बोलणं परत येईल असं वाटत नाही. घरी न्या आणि होईल तेवढी सेवा करा. एक लक्षात ठेवा, असे पेशंट उगाच रडतात, उगाच हसतात. त्यांच्या मनात काही असतंच असं नाही. घाबरू नका."

पुंजाचं सगळं घर तेव्हा दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागेत कामाला होतं. तो, बायको चिमणाबाई, मुलगा ललित आणि सून आशा. भात झोडून झाला की पाड्यावरची निम्मी घरं दाराला कडी घालून खाली बागांत उतरत आणि पावसाच्या तोंडावर परत डोंगरात येत. यंदा माल चांगला होता. काढणी ऐन भरात होती.

चिमणाबाई मांडवाखाली कात्री घेऊन घड उतरवत होती. दिवसभर वर बघून बघून तिची मान आखडली होती. पुंजा नाशिकहून आला तो सरळ तिच्या ओळीत शिरला आणि उकिडवा बसला.

"तुला घरी जावं लागंल," तो म्हणाला.

"कसाला?"

"दादाचं कोण करणार? त्याला दुसरं कोण हाय?"

तिनं हातातला घड क्रेटमध्ये ठेवला. मणी दुखावू नयेत म्हणून घड कसा अलगद ठेवायचा हे हाताला सवयीचं होतं. मग ती म्हणाली, "तो कोण हाय ते तुमाला ठाऊक हाय."

पुंजानं मातीचं ढेकूळ उचललं आणि बोटांनी चुरगाळलं. "भाऊ हाय माझा," तो म्हणाला. "आणि आपण विश्वासी माणसं. टाकून दिला तर लोक काय म्हणतील, हेच का तुमचं येशूचं?"

चिमणाबाईनं कात्री क्रेटच्या कडेला अडकवली आणि गाठोडं बांधायला गेली.

भिमाजीची बायको बया ही चिमणाबाईची थोरली बहीण. दोघी बहिणी एकाच मांडवात दोघा भावांना दिल्या होत्या. आई लहानपणीच गेली, तेव्हा चिमणाला न्हाऊमाखू घालणारी, केसांतल्या जटा सोडवणारी, आपल्या ताटातला भात तिच्या ताटात सरकवणारी बयाच होती. सासरीही ती पाठीशी उभी राही. पण भिमाजी दारू प्यायला की माणसात नसे, आणि बयाला मूल होत नव्हतं, एवढं कारण त्याला पुरत होतं. एका उन्हाळ्यात, भाताच्या रोपांसाठी जमीन जाळून राब भाजायच्या दिवसांत, त्यानं तिच्या डोक्यात नांगराचं रुमणं घातलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. अंघोळ चिमणाबाईनं घातली. केस धुताना डोक्याचा मागचा भाग तिच्या बोटांना मऊ लागला, पिकून खाली पडलेल्या फळासारखा.

पेठहून पोलीस आले. त्याआधी पाड्यावरची म्हातारी माणसं बसली आणि ठरलं, की बया नदीवर धुणं धुताना खडकावरून घसरली. सगळ्यांनी तेच सांगितलं. ललित तेव्हा अंगावर पीत होता. त्याला पदराखाली घेऊन चिमणाबाई उभी राहिली आणि तिनंही तेच सांगितलं.

त्यानंतर काही वर्षांनी पास्टर पाड्यावर यायला लागले. पुंजाही तेव्हा भावासारखाच प्यायचा. पास्टरनी त्याच्यासाठी प्रार्थना केल्या, त्याच्याजवळ बसले, ओकला तर पुसलं. एक दिवस पुंजानं दारू सोडली ती सोडलीच. नवराबायकोनं दमणगंगेच्या डोहात बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून घरात दोन वेळची चूल पेटत होती, ललित दहावीपर्यंत शिकला होता. चिमणाबाई हे विसरली नव्हती. डोहात उतरण्याआधी पास्टरनी सगळ्यांना आपापली पापं देवापुढं ठेवायला सांगितली होती. तिनं शेजारणीशी केलेली भांडणं, शिव्या, चोरून तोडलेलं लाकूड, सगळं ठेवलं. बयाचं ठेवलं नाही. ते तिच्या तोंडातून निघालंच नाही.

आता त्याच भिमाजीची बाज तिच्या पडवीत आली.

पाड्यावर घरोघरी नळ बसवले होते, पण होळीनंतर त्यांना कधी पाणी येत नसे. उताराच्या खाली नाल्यात एक झिरा होता. बायका तिथं वाटीनं पाणी भरत आणि डोक्यावर हंडा, त्यावर कळशी घेऊन उतार चढत. एरवी चिमणाबाईला सकाळची एक खेप पुरायची. आता भिमाजीच्या चिंध्या धुवायला आणखी एक लागे, आणि दुपारी ऊन डोक्यावर असताना कधी तिसरीही. चुंबळ ओली होऊन टाळूला चिकटे. गुडघ्यात कळ यायची ती पायऱ्यांसारख्या खडकांवर बरोब्बर त्याच ठिकाणी यायची.

सकाळी आली की ती त्याला कुशीवर वळवी. अंग दुबळं झालं होतं, तरी हाडं जड होती. एक गुडघा बाजेवर टेकवून, त्याचा मेलेला हात आपल्या खांद्यावर घेऊन ती त्याला ओढी. खालची चिंधी काढी, पुसून घेई, राख-पाण्यानं चिंध्या घोळून काट्याच्या कुंपणावर टाकी. नागलीची पेज चमच्यानं भरवताना निम्मी पेज वाकड्या ओठातून गळ्यावर उतरे. ती पदराच्या टोकानं पुशी. यातलं काहीही करताना ती त्याच्याशी बोलत नसे. तो तिच्याकडं बघे. शेळी ओरडली तर त्याच्या डोळ्यांतून पाणी येई. कावळा बाजेवर बसला तर घशातून खुळखुळल्यासारखं हसू येई.

झिऱ्यावर शकुबाई भेटे. तिचं घर शेजारीच. ती येशूच्या मंडळीत जाणारी नव्हती, घरात तिचे जुने देव होते; पण दोघींचं जमायचं.

"तुला लय पुण्य लागंल बाई," ती एकदा म्हणाली. "सख्ख्या आईचं कोण एवढं करत नाय."

चिमणाबाई वाटीनं पाणी भरत होती. "आमच्यात पुण्य नसतं," ती म्हणाली.

"नसतं मंजे?"

"पास्टर सांगतात, आपण केलेल्यानं काय मिळत नाय. देव तारतो तो असाच तारतो. फुकट. त्याला कृपा म्हणतात."

शकुबाईनं चुंबळ नीट केली. "मग त्याचं गू-मूत कसाला काढतेस?"

चिमणाबाईनं वाटी कळशीत रिकामी केली. "वास येतो घरात," ती म्हणाली.

शकुबाई हसली. हंडा डोक्यावर ठेवायला तिनं हात लावला आणि दोघी एकामागोमाग एक उतार चढू लागल्या.

वैशाख लागला तशी घरची माणसं बागेतून परत आली. आशाला दिवस गेले होते. उन्हानं तिचा चेहरा काळवंडला होता आणि तिला अन्न बघवत नव्हतं. पुंजा आणि ललित राबाला पालापाचोळा आणि शेण पसरून जाळायला लागले. सगळ्या उतारांवर धूर होता. पुंजा सकाळी कामाला जाण्याआधी भावाच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना करी. ती झाली की कुदळ घेऊन जाई. भिमाजीची कूस बदलण्याचं काम चिमणाबाईकडंच राहिलं.

रविवारी मंडळी भरली. पत्र्याचं छप्पर, कुडाच्या भिंती, खाली सारवलेली जमीन. पास्टर खंडेराव सुरगाण्याकडून मोटरसायकलवर येत. ते याच डोंगरातले, तरुणपणी त्यांनीही बागांत काम केलं होतं. जुन्या देवाचं नाव असूनही त्यांनी आपलं नाव बदललं नव्हतं. नाव बदलून काय होतं, माणूस बदलायला पाहिजे, असं ते म्हणत. माणूस साधा होता. कोणाच्या घरी कढी-भाकर असली तरी आवडीनं खाई.

त्या दिवशी त्यांनी द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. मालक सकाळीच मजूर आणतो. दुपारी आणखी आणतो. दिवस मावळायला आला तरी नाक्यावर माणसं रिकामी उभी दिसतात, त्यांनाही आणतो. आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज देतो.

"पास्टर, त्या मालकाचा नंबर द्या," ललित म्हणाला. सगळी मंडळी हसली. पास्टरही हसले.

"सकाळपासून राबलेल्यांना राग आला असंल," आशा हळूच म्हणाली.

"आला ना. ते कुरकुरले. मालक म्हणाला, ठरलं तेवढं तुम्हाला दिलं का नाही? मग माझं मी कोणाला वाटतो यात तुमचं पोट का दुखतं? बाबांनो, देव असा आहे. त्याच्याकडं कामाचा हिशोब नाही. तुम्ही सकाळी या, नाहीतर मरताना या. त्याचा हात भरलेलाच आहे."

बायकांच्या रांगेत चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. मंडळीत ती कधी बोलत नसे. ती म्हणाली, "पास्टर, आणि जो उशिरा आला, त्यानं सकाळी माणूस मारलेलं असलं तर?"

पाड्यावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पुंजानं खाली बघितलं.

पास्टरनी तिच्याकडं नीट बघितलं. "तरीसुद्धा, चिमणाताई," ते म्हणाले. "पश्चात्ताप केला तर तरीसुद्धा. नाहीतर आपल्यातलं कोणीच आत जाणार नाही."

उपासना सुटल्यावर ते पुंजाला घेऊन लांब आंब्याखाली उभे राहिले. पुंजा मान हलवत होता आणि डोळे पुसत होता. परत येऊन पास्टर म्हणाले, "पुढच्या रविवारी मी तुमच्या घरी येतो. भिमाजीशी बोलायचं आहे." चिमणाबाईच्या तेव्हा लक्षात आलं, की आपल्याच बोलण्यानं पास्टरांची वाट आपल्या पडवीकडं वळली.

त्या आठवड्यात झिरा आटत आला. वाटी टेकवून बसायचं, तळाला पाणी जमायचं, दोन वाट्या निघायच्या, परत बसायचं. बायकांत भांडणं झाली. चिमणाबाई पहाटे गेली होती ती ऊन चढल्यावर अर्धी कळशी घेऊन परत आली. पुंजा, ललित राबावर होते. आशा माहेरी गेली होती. पडवीत वास सुटला होता. भिमाजी घाणीनं भरलेला पडला होता आणि तिच्याकडं बघत होता.

तिनं कळशी चुलीजवळ ठेवली. अर्ध्या कळशीत रात्रीचा भात आणि सगळ्यांचं पिणं भागवायचं होतं. ती बाजेशी आली. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"बयाला तू मारलंस ना?"

त्याचे डोळे हलले नाहीत.

"रुमण्यानं मारलंस. मी धुतलीय तिला. हो म्हण. मान हलव नुसती. मी कोणाला सांगत नाय."

भिमाजीचा डावा ओठ थरथरला. डोळ्यांत पाणी आलं आणि कानाकडं ओघळलं. ती वाकून बघत राहिली. तेवढ्यात बाहेर शेळी ओरडली आणि त्याच्या घशात ते हसू खुळखुळलं. डोळ्यांत पाणी तसंच होतं.

ती मागं सरकली. दाराबाहेर जाऊन ओट्यावर बसली. आत जायचं होतं, हात धुवायचे होते, त्याला पुसायचं होतं. ती बसून राहिली. सावली ओट्यावरून सरकली, ऊन पायांवर आलं, तरी बसून राहिली. आतून मधेच घुं घुं असा आवाज येई. तिला वाटलं, होऊ दे. एक दिवस होऊ दे.

पुंजा धुरानं लाल झालेले डोळे घेऊन आला तेव्हा दिवस कलला होता. तो आत गेला आणि ओरडला. मुंग्यांची रांग कुडातून बाजेच्या पायावर चढून भिमाजीच्या कमरेखाली पडून पडून झालेल्या जखमेत गेली होती. पुंजानं तिला हाक मारली नाही. कळशीतलं पाणी घेऊन तोच पुसायला लागला, पण त्याला जमेना. मग चिमणाबाई आत आली, त्याला बाजूला सारलं आणि भावजयीच्या हातांनी, सवयीनं, एकेक मुंगी वेचून काढली. भिमाजी कण्हत होता. त्या रात्री घरात भात शिजला नाही. सगळे तहानलेले झोपले.

"तू मुद्दाम बसलीस बाहेर," पुंजा सकाळी म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

रविवारी पास्टर आले. मंडळीतली पाच-सहा माणसं बरोबर होती. पडवी त्यांनीच भरली. पास्टर बाजेच्या कडेला बसले. वासाचं त्यांनी काही वाटू दिलं नाही. भिमाजीचा जिवंत हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ मायेनं बोलले. देवाला सगळं ठाऊक आहे, म्हणाले. तुझ्या हातून काय झालं तेही. त्याचं मोल दुसऱ्यानं भरलं आहे. तुला काही करायचं नाही, आणि तुला करताही येणार नाही. फक्त घे.

"घेतोस का, दादा? येशूला घेतोस का?"

भिमाजी रडायला लागला. सगळं अंग हलेपर्यंत रडला. डोकं उशीवर पुढं-मागं झालं. पुंजा गुडघ्यांवर बसून हुंदके देऊ लागला. माणसं "स्तुती असो" म्हणाली.

"डाक्टर म्हणाला होता," चिमणाबाई दारातून बोलली, "असे पेशंट उगाच रडतात."

कोणी तिच्याकडं बघितलं नाही. पुंजा मात्र उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "चिमणे, पाणी आण. जरा निवळ बघून आण."

डोहाला नेता येणार नव्हतं, म्हणून पास्टर त्याच्या डोक्यावर पाणी ओतणार होते. चिमणाबाईनं हंड्यावरची ताटली काढली. पहाटे वाटीवाटीनं भरलेलं पाणी होतं. तांब्या बुडवला, वर आलेला कचरा बोटानं काढला आणि तांब्या पास्टरांच्या हातात दिला. पाणी भिमाजीच्या पांढऱ्या केसांतून, कपाळावरून, उशीत मुरलं. पास्टर म्हणाले, "बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं." माणसांनी गाणं धरलं.

सगळे बाहेर आले तेव्हा ती पास्टरांना अंगणात आडवी आली.

"माझी बहीण कुठं हाय, पास्टर?"

पास्टर थांबले. पुंजा म्हणाला, "आता ते नको." पास्टरनी त्याला हातानं थांबवलं.

"बया. ती मेली तेव्हा तुमी आमच्या पाड्यावर आला नव्हता. तिनं येशूचं नाव ऐकलं नव्हतं. तिला कोणी पाणी घातलं नाय. ती कुठं हाय?"

"ते देवालाच ठाऊक, ताई," पास्टर म्हणाले. "देव न्यायी आहे. मी त्याच्या जागी बसून सांगू शकत नाही."

"याचं सांगता येतं तुमाला. तिचं नाय सांगता येत?"

पास्टरांच्या चेहऱ्यावर दुःख दिसलं. ते खोटं बोलणारे नव्हते. बोलले असते तर तिनं विश्वास ठेवला असता, ती तेवढ्यासाठीच उभी होती. ते म्हणाले, "मला जेवढं सांगायला दिलंय तेवढंच मी सांगतो. पण ताई, तुम्ही याचं एवढं केलं. आता मनातूनही सोडा. माफ करा त्याला. आपण दुसऱ्याला माफ केलं नाही, तर आपल्याला मिळालेली माफी आपल्याच हातून अडते."

"मंजे तो आत, आणि मी बाहेर."

"दार उघडंच आहे. तुम्ही बाहेर थांबू नका, एवढंच म्हणतो."

संध्याकाळी पुंजा ओट्यावर तिच्याजवळ येऊन बसला. राबाच्या राखेनं त्याच्या हातांच्या रेघा काळ्या झाल्या होत्या.

"मी पण दारू पीत होतो," तो म्हणाला. "तुला मारलंय मी. मला माफ झालं तेव्हा तुला आनंद झाला. मग त्याला का नको?"

"मी मेले नाय म्हणून झाला आनंद," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "तुमी तिथं होता त्या दिवशी. तुमी हात धरला नाय त्याचा."

"नाय धरला."

"आणि मी पोलिसाला सांगितलं, ती घसरली."

"सगळ्यांनीच सांगितलं."

"सगळ्यांची ती बहीण नव्हती." तिनं पदर तोंडावर घेतला, पण ती रडत नव्हती. "मला पण माफ पाहिजे. मला लय पाहिजे. पण ते एकच हाय ना. ज्यातलं त्याला दिलं त्यातलंच मला देणार. मी ते घेतलं तर बयाच्या बाजूनं कोण राहिलं?"

पुंजानं हातावरची राख मांडीला पुसली. त्यानं प्रार्थना करू का विचारलं. ती म्हणाली, करा. त्यानं डोळे मिटून प्रार्थना केली. ती उघड्या डोळ्यांनी समोरच्या काळ्या उतारांकडं बघत बसली.

ढग यायला लागले त्या दिवसांत भिमाजी गेला. ती पेज भरवत होती. एक घास ओठांतून आत गेला आणि तिथंच राहिला. तिनं थोडं थांबून चमचा वाटीत ठेवला, त्याचं तोंड पुसलं आणि राबावर हाक मारायला गेली. त्याच्याकडून शेवटपर्यंत काही आलं नव्हतं, ना हो, ना नाही.

अंघोळ घालायला पुंजाबरोबर तीच होती. झिऱ्याला आता थोडं पाणी होतं. तिनं त्याचं डोकं एका हातात धरून मागून धुतलं. कवटी कडक होती, कुठं चीर नव्हती. तिचा हात तिथं उगाच जास्त वेळ राहिला. पुंजानं बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

गावच्या मसणात विश्वासी माणसांना पुरू देत नसत, म्हणून मंडळीनं टेकडीच्या मागच्या मुरमाड तुकड्यावर जागा धरली होती. ललित आणि आणखी दोघं सकाळपासून पहारीनं खणत होते. पहार दगडावर पडली की ठिणगी उडे. ललितच्या तळहातांना फोड आले, फुटले. खड्डा हवा तेवढा खोल झालाच नाही. शेवटी पास्टर म्हणाले, चालेल. पाड्यावरची माणसं थोडी लांब उभी राहिली होती. पास्टर म्हणाले, "आज आपला भाऊ बापाच्या घरी पोचला."

शकुबाई चिमणाबाईच्या कानाशी लागली. "पोचला?"

"पोचला म्हणतात."

"आणि तू एवढं केलंस ते?"

"त्याचा हिशोब नसतो. सांगितलं ना तुला."

ती पुढं झाली आणि इतरांसारखी मूठभर माती टाकली. माती मुरमाची होती, चादरीवर खडखडली.

पुढच्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा वाटून खायचा होता. शनिवारी चिमणाबाई नेहमीसारखी गेली, पत्र्याखालची कोळ्यांची जाळी काढली, जमीन शेणानं सारवली, रांजण घासून भरला. पाण्याच्या दोन खेपांमुळं तिचा गुडघा सुजला. पास्टर लवकर आले होते. सारवलेली जमीन वाळत होती, म्हणून ते बाहेरच थांबले.

"ताई, मंडळीत तुमच्याएवढं काम कोणी करत नाही," ते म्हणाले.

"कामाचं काय," ती म्हणाली.

"उद्या आत बसा. पहिल्या रांगेत बसा. मी तुमच्यासाठी रोज मागतो."

"मागा," ती म्हणाली. "मी सारवायला येत जाईन. पाणी आणीन. पण ती भाकर मला देऊ नका. मला गिळणार नाय."

पास्टरांनी तिच्या हातातली शेणाची पाटी घेऊन भिंतीशी ठेवली.

रविवारी ती दाराबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ बसली. ऊन झाकोळलेलं होतं, हवा दमट होती, मानेवरून घाम पाठीत उतरत होता. आतून पास्टरांचा आवाज येत होता. मग सगळं शांत झालं. तुकडे वाटले जात होते, हे तिला न बघताही कळलं. थोड्या वेळानं आशा पोटावर हात धरून बाहेर आली. दुसऱ्या हाताच्या मुठीत तुकडा होता. तिनं अजून खाल्ला नव्हता.

"आत्या," ती म्हणाली, "यातला अर्धा घ्या. कोणी बघत नाय."

चिमणाबाईनं तिची मूठ आपल्या हातानं मिटवली. "तू खा. तुझ्या पोटात सकाळपासून काय गेलं नाय."

"ते पोटासाठी नसतं, आत्या."

"असू दे. खा."

आशा तिथंच उभी राहून खाऊ लागली. तिचे डोळे भरले होते. आत गाणं सुरू झालं. ते गाणं चिमणाबाईला पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होतं. ओळी येत गेल्या तशा तिच्या मनात आधीच उमटत गेल्या. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले, आणि गाणं संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली.